हुंकारा

माझी आजी गोष्ट सांगायला बसली की तिची एकच अट असे. ऐकणाऱ्याने मधूनमधून 'हूं' म्हटले पाहिजे. उन्हाळ्यात अंगणात बाजा टाकलेल्या असत, दिवसभर तापलेल्या मातीवर शिंपडलेल्या पाण्याचा वास हळूहळू विरत असे, आणि आजी सात भावांच्या एकुलत्या बहिणीची गोष्ट सुरू करी. एक वाक्य झाले की ती थांबे. आम्हा पोरांपैकी कुणाचा तरी हूं आला की पुढचे वाक्य येई, आणि आला नाही तर गोष्ट चढावर बैल थांबलेल्या बंडीसारखी तिथेच उभी राही. "हूं म्हन नं वं," ती म्हणायची, "तू हूं नाई म्हनशीन त म्या कोनाले सांगून राह्यली?" झोपेने शेवटचा हूं गिळला की ती उरलेली गोष्ट स्वतःशी पुरी करत नसे, पांघरूण ओढून निजून जाई. दुसऱ्या रात्री तिचा पहिला प्रश्न असे, "तुहा हूं कुठी थांबला होता?" आणि आम्हाला आठवणारी शेवटची जागा सापडली की तिथून ती पुढे निघे. या हूंला आमच्या वऱ्हाडात हुंकारा म्हणतात, आणि तो भरायचा असतो.

बरीच वर्षे मध्ये गेली. आजीने ऐंशी ओलांडली होती, मी शहरात नोकरी करत होते, आणि तिच्या गोष्टी तिच्याबरोबर जाऊ नयेत असे मला फार वाटू लागले होते. एका दिवाळीत गावी गेले तेव्हा मी फोनवर ध्वनिमुद्रण सुरू केले, फोन तिच्या उशीशी ठेवला आणि आपला व्यत्यय नको म्हणून स्वयंपाकघरात गेले. परत येऊन पाहते तो गोष्ट संपलेली होती. लहानपणी जी आम्हाला दोन रात्री पुरत असे ती साडेचार मिनिटांत आटोपली होती, आणि सातही भाऊ एकाच वाक्यात येऊन गेले होते. असे का झाले म्हणून विचारले तेव्हा आजीने फोनकडे बोट दाखवले. "हे हूं म्हनते काय?" दुसऱ्या दिवशी मी तिच्या समोर मांडी घालून बसले आणि लहानपणासारखा हुंकारा भरत गेले. त्या दिवशीची गोष्ट पाऊण तास चालली.

पुढे मी ती लिहून काढली, आणि लिहिताना माझ्या हातून नेमके पहिल्या दिवशी घडले होते तेच घडले. त्या गोष्टीत बहीण एकेका भावाच्या दारी जाते, प्रत्येक दारी तेच मागणे मागते, आणि पहिल्या सहा दारी भावजय एखाद्या शब्दाच्या फरकाने तेच उत्तर देते. कागदावर हे सहा वेळा उतरवणे मला जड वाटले, म्हणून मी 'सहाही दारांतून ती रिकाम्या हाताने परतली' असे एक वाक्य लिहून पुढे गेले. माझे हूंही मी अर्थातच गाळले. वाचून पाहिले तर कागदावर गोष्टीचा नुसता सांगाडा उरला होता.

हे असे का होते याचा विचार अनेक अभ्यासकांनी केला आहे. वॉल्टर ऑंग या अमेरिकन अभ्यासकाने १९८२ मध्ये मौखिक आणि लिखित संस्कृतींची तुलना करताना एका साध्या गोष्टीवर बोट ठेवले आहे. ध्वनी ऐकू येत असतो तेव्हाच तो नाहीसाही होत असतो. वाचणाऱ्याचा डोळा मागच्या ओळीवर जाऊ शकतो, कानाला मात्र मागे जाता येत नाही, म्हणून सांगणाऱ्याला ऐकणाऱ्यासाठी पुन्हा पुन्हा मागे यावे लागते. लिहिलेल्या मजकुरात जी पुनरुक्ती दोष ठरते ती बोलण्यात ऐकणाऱ्याच्या सोयीची असते. आजीच्या गोष्टीत तिचे आणखीही एक काम होते, जे ती गाळल्यावरच माझ्या लक्षात आले. चौथ्या दारापर्यंत पुढचे उत्तर आम्हाला पाठ होत असे आणि आम्ही ते आजीच्या आधी मोठ्याने म्हणत असू. सातव्या दारी उत्तर बदलत असे, आणि त्या बदलाने आमच्या पोटात जो गोळा येई तो येण्यासाठी आधीची सहा दारे आम्ही स्वतः हिंडलेली असावी लागत.

मिलमन पॅरी हा अमेरिकन अभ्यासक आणि त्याचा शिष्य अल्बर्ट लॉर्ड हे दोघे १९३० च्या दशकात युगोस्लाव्हियात गेले आणि तिथे एका तंतुवाद्याच्या साथीवर वीरगीते गाणाऱ्या गायकांची गाणी त्यांनी अॅल्युमिनियमच्या तबकड्यांवर मुद्रित केली. हे गायक शपथेवर सांगत की आपण गाणे शब्दाला शब्द तसेच गातो, आणि तबकड्या सांगत की दर वेळी ते निराळे असते. त्यांच्यातला अवदो मेजेदोविच हा गायक धंद्याने खाटीक होता, त्याला लिहिता वाचता येत नव्हते, आणि १९३५ मध्ये त्याने बारा हजारांहून अधिक ओळींचे एक गाणे गायले. त्याने पूर्वी कधीही न ऐकलेले एक गाणे दुसऱ्या गायकाकडून त्याला एकदाच ऐकवले गेले, तेव्हा लगेच त्याने ते स्वतः गाऊन दाखवले आणि ते मूळच्या जवळजवळ तिप्पट झाले. गाण्याची लांबी पुष्कळदा ऐकणाऱ्यांच्या धीरावर ठरते, असे लॉर्डने लिहून ठेवले आहे. ते मी वाचले तेव्हा मला पहिल्यांदा आजीच आठवली, कारण तीही "म्या जशीच्या तशी सांगतली" असेच म्हणायची आणि माझ्याजवळच्या दोन ध्वनिमुद्रणांत एकही वाक्य जसेच्या तसे नव्हते. ती खोटे बोलत नव्हती. 'तसेच' या शब्दाचा माझा अर्थ कागदावरून आलेला होता आणि तिचा अर्थ कागदाच्या आधीचा होता.

आमच्या भागात हे सगळ्यांत उघडपणे पोळ्याच्या दिवशी दिसते. बैल रंगवून, शिंगांना मखर बांधून तोरणाखाली आणले की गावातली माणसे झडत्या म्हणू लागतात. एक जण पुढे येऊन आपल्या बैलाचे गुण, शेजाऱ्याच्या बैलाची खोड, पावसाचे वागणे, कपाशीचा भाव, कधी गावातल्या कुणाचा तरी कंजूषपणा असे काहीही चार-सहा ओळींत गुंफतो आणि 'एक नमन गौरा पारबती, हर बोला हर हर महादेव' वर आणून सोडतो. शेवटचा 'हर हर महादेव' त्याने एकट्याने म्हणायचा नसतो, तो सगळ्या गावाने भरायचा असतो. त्यावर दुसरा उभा राहतो आणि पहिल्याच्या झडतीला उत्तर देतो. यमके ठरलेली, सुरुवात ठरलेली, शेवट ठरलेला, आणि मधली जागा त्या वर्षाची. शाळा चौथीत सोडलेला माझा काका झडत्यांत कुणाला हार जात नसे. मी एकदा त्याच्या झडत्या वहीत उतरवून घेऊ लागले तेव्हा तो चाचरू लागला, कारण एका ओळीनंतर मी लिहीपर्यंत थांबण्यात त्याचा ताल मोडत होता. "तोरनाखाली ये," तो म्हणाला, "तथी सांगतो."

मौखिक म्हणजे सैल असा याचा अर्थ कुणी घेऊ नये. आपल्याच देशात वेदपाठाची परंपरा आहे, जिच्यात एकच मंत्र पदे सुटी करून, क्रमाने जोडून, उलटसुलट गुंफून, जटा आणि घन अशा निरनिराळ्या पाठांनी घोकला जातो, म्हणजे एखादे अक्षर हलले तरी ते कुठल्या ना कुठल्या पाठात अडखळून पकडले जाते. आठवणीची ती अतिशय कडक राखण होती. मात्र ती कुणी ऐकायची आणि कुणी म्हणायची हेही तितक्याच कडकपणे ठरलेले होते, आणि माझ्या आजीसारखी बाई त्या कुंपणाच्या बाहेर होती, ही गोष्ट मला विसरता येत नाही.

तिच्यासारखीला आत घेणारे काम आमच्या गावाहून तासाभराच्या अंतरावर झाले. रिद्धपूर हे अमरावती जिल्ह्यातले महानुभावांचे स्थान, आणि तिथेच तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा लिहून काढल्या. मराठीतला हा पहिला मोठा गद्यग्रंथ. तो त्यांनी मनाने रचला नाही. स्वामींचे पट्टशिष्य नागदेवाचार्य यांच्या आठवणी आणि ज्यांनी ज्यांनी स्वामींना पाहिले, ऐकले होते त्यांच्याकडे जाऊन, विचारून, खातरी करून घेतलेल्या आठवणी त्यांनी जमवल्या. मला त्या परंपरेतली सगळ्यांत मोलाची वाटणारी गोष्ट म्हणजे एकाच प्रसंगाच्या दोघांच्या आठवणी जुळल्या नाहीत तर त्यांची सरमिसळ करून एक गुळगुळीत गोष्ट बनवली जात नसे. त्या वेगवेगळ्या 'वासना' सांगणाऱ्याच्या नावासह नोंदल्या जात. कागदावर आल्यावरही तो शब्द कुणाच्या तोंडचा आहे हे पुसले गेले नाही. आणि पंथातलेच पंडित केशिराज संस्कृतात लिहू लागले तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबवले, कारण त्यामुळे स्वामींचा सामान्य परिवार नागवला जाईल. लिहिल्याने कुणी तरी नागवले जाऊ शकते, हे त्यांना इतक्या आधी दिसले होते.

असे नागवले जाणे मी आमच्या घरात पाहिले आहे. पाहिले म्हणणे बरोबर नाही, ते माझ्या जन्माआधीचे आहे. मी ते काकाकडून ऐकले आहे, आणि तो तेव्हा दहा वर्षांचा होता.

सत्तरच्या दशकात आत्याच्या लग्नासाठी आबाजींनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, नाल्याकाठचे दोन एकर शेत एका ओळखीच्या माणसाला दिले. बोलणे असे झाले होते की तीन वर्षे त्याने ते वाहावे, आणि पैसे परत आले की धुरा, म्हणजे शेताचा बांध, पुन्हा आमचा. हे बोलणे पारावर, चार माणसांत झाले होते. मग सगळे तालुक्याच्या गावी गेले. तिथे एका लिहिणाऱ्याने स्टॅम्पपेपरवर मजकूर लिहिला आणि तो वाचून दाखवला. लिहून देणार, लिहून घेणार, चतुःसीमा, कबजा, वंशपरंपरा असे शब्द एका दमात येत होते, आणि आबाजी समोर उकिडवे बसून प्रत्येक वाक्याला हूं म्हणत होते. आयुष्यभर गोष्ट ऐकताना, पोथी ऐकताना, सालदाराचे गाऱ्हाणे ऐकताना ते जसे म्हणत आले होते तसेच. 'समजलं ना?' असे शेवटी विचारले गेले तेव्हाही ते हूं म्हणाले. मग अंगठा घेतला गेला. त्या कागदावर कायम खरेदीखत लिहिलेले होते.

तिसऱ्या वर्षी कापूस विकून आबाजी पैसे घेऊन गेले तेव्हा त्यांच्यापुढे तो कागद ठेवण्यात आला. पारावरची चारही माणसे जिवंत होती आणि बोलणे काय झाले होते ते चौघांनाही आठवत होते. त्याचा उपयोग झाला नाही. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्यात ९१ आणि ९२ ही दोन कलमे होती, आणि त्यांचा सार असा की करारातल्या अटी एकदा लेखी झाल्या म्हणजे त्या बदलण्यासाठी किंवा खोडण्यासाठी तोंडी बोलण्याचा पुरावा सहसा चालत नाही. २०२४ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला आहे, पण हे तत्त्व कायम आहे. त्यामागचे कारण मला कळते. माणसे मरतात, विसरतात, फितूर होतात, आणि कागद त्यांच्यामागे उरतो. तरीही त्या दिवशी त्या बाकड्यासमोर काय घडले याचा मी पुष्कळ विचार केला आहे, आणि मला वाटते की तिथे दोन हूं एकमेकांत मिसळले. आबाजींचा हूं 'ऐकून राह्यलो, पुढे सांगा' असे म्हणत होता. लिहिणाऱ्याने तो 'मान्य आहे' असा घेतला. गोष्टीत हूं थांबला तर गोष्ट थांबते, पण तो कागद आबाजींचा हूं आला नसता तरी लिहून तयारच होता.

काका सांगतो की त्यानंतर श्रावणात पोथी लागली तरी आबाजी हूं म्हणत नसत. सगळ्यांबरोबर बसत, डोळे मिटून ऐकत, आणि गप्प राहत.

अलेक्झांडर लुरिया या रशियन मानसशास्त्रज्ञाने १९३१-३२ मध्ये उझबेकिस्तानातल्या निरक्षर शेतकऱ्यांना काही कोडी घातली होती, त्यांतले एक पुष्कळांना ठाऊक असते. अतिउत्तरेला जिथे बर्फ असतो तिथली सगळी अस्वले पांढरी असतात, नोवाया झेम्ल्या अतिउत्तरेला आहे, तर तिथली अस्वले कोणत्या रंगाची? एका शेतकऱ्याचे उत्तर असे होते की मी काळे अस्वल पाहिले आहे, दुसरे पाहिलेले नाही. निरक्षर माणसाला शब्दांतून शब्द काढता येत नाही असा निष्कर्ष यावरून काढला गेला आहे, आणि तो मला पटत नाही. मेळघाटाच्या पायथ्याच्या कुणाही म्हाताऱ्याला हे विचारा, तो आधी विचारील की हे सांगतो कोण आणि त्याने पाहिले आहे काय. ज्या गावात शब्दामागे माणूस उभा असतो तिथे न पाहिलेल्या गोष्टीची साक्ष द्यायची नाही, ही अक्कलही आहे आणि नीतीही. आबाजींनी त्या दिवशी हीच अक्कल वापरली असती, तर कदाचित विचारले असते की हे 'लिहून देणार' म्हणजे कोण.

कायद्यालाही कधी कधी कान येतात. २००६ चा वनहक्क कायदा झाला तेव्हा त्याच्या नियमांत दाव्याच्या पुराव्यांच्या यादीत गावातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब घातले गेले, ते दावेदार सोडून इतरांचे आणि लेखी उतरवून घेतलेले असावेत अशी अट. ज्यांच्या नावावर पिढ्यान्‌पिढ्या एकही कागद झाला नाही त्यांच्यासाठी ही दारातली फट फार मोठी होती. गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातले मेंढा (लेखा) हे गोंडांचे गाव २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांत होते, आणि सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर त्यांचा हक्क मान्य झाला. त्या गावाची सर्वसहमतीची रीत मला या सगळ्या विचारात फार महत्त्वाची वाटते. तिथे मते मोजून निर्णय होत नाही. एखाद्याला पटले नसेल तर विषय पुढच्या बैठकीपर्यंत थांबतो. एखाद्या माणसाचा होकार आला नाही म्हणून गाव थांबू शकते, हे वाचताना मला बाजेवर थांबलेली आजीची गोष्ट दिसली.

लिहिण्यावाचण्याविरुद्ध मी काही म्हणते आहे असे वाटत असेल तर गाडगेबाबांची आठवण काढली पाहिजे. अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेल्या या माणसाला अक्षर येत नव्हते, आणि आमच्या भागात त्यांच्याइतका बोलण्याचा धनी दुसरा झाला नाही. दिवसा खराट्याने गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन. ते कीर्तन म्हणजे प्रश्न होते. देव किती, असे ते विचारत आणि लोक एक म्हणत. मग गावातल्या एकेका देवाचे नाव घेऊन हा आहे का, तो आहे का असे विचारीत, लोक आहे आहे म्हणत जात, आणि शेवटी मोजायला लावीत. उत्तर लोकांच्याच तोंडून निघे, म्हणून ते लोकांनाच घरी घेऊन जावे लागे. डिसेंबर १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांच्या शेवटच्या काळातल्या एका कीर्तनाचे ध्वनिमुद्रण आहे, आणि ते ऐकताना मी बाबांइतकेच समोरच्या लोकांकडे कान देते. हेच गाडगेबाबा जन्मभर लोकांना बजावत राहिले की एक वेळ ताट विका, हातावर भाकर घेऊन खा, बायकोला स्वस्ताचे लुगडे घ्या, पण पोराला शाळेत घातल्यावाचून राहू नका. आपल्याला न येणारी गोष्ट काय करू शकते हे त्यांच्याइतके कुणी ओळखले नव्हते. आबाजींनी तरुणपणी त्यांचे कीर्तन ऐकले होते. माझे वडील शिकले ते त्यामुळे, आणि मी हे लिहू शकते ती त्यांच्यामुळे. काकाच्या वेळेस मात्र ते दोन एकर गेलेले होते आणि घरात एक माणूस शेतावर हवा होता.

काका आता पासष्टीच्या पुढे आहे. अक्षर लावत लावत त्याला वाचता येते, पण सरकारी मराठी त्याला लागत नाही, म्हणून काही आले की तो फोटो काढून मला पाठवतो आणि फोन करतो. मागच्या महिन्यात वाटणीच्या फेरफाराची नोटीस आली. मी ती त्याला फोनवर वाचून दाखवू लागले. गट क्रमांक, क्षेत्र, आकार, हितसंबंधितांनी मुदतीत हरकत नोंदवावी असे एकेक वाक्य मी वाचत होते आणि प्रत्येक वाक्याला पलीकडून तो जुना, ओळखीचा हूं येत होता. तिसऱ्या हूंला मी थांबले.

"काका," मी विचारले, "हा हूं कोणता? ऐकल्याचा का समजल्याचा?"

पलीकडे बराच वेळ काही आले नाही. मागे कुठे तरी बकरी ओरडत होती.

"ऐकल्याचा, बाई," काका म्हणाला. "समजलं नाई अजून. पुन्हा वाच."

मी पहिल्या ओळीपासून पुन्हा सुरुवात केली.